पंचेचाळीस दिवसांचा कायदा आणि लघुउद्योजकाची बाजू

लघुउद्योगांच्या प्रश्नांची सार्वजनिक चर्चा बहुधा भांडवल, वीजदर, जागा आणि कर या विषयांभोवती फिरते. भोसरी, सातपूर, वाळूज किंवा गोकुळ शिरगाव येथील औद्योगिक वसाहतींत मात्र रोज कानी पडणारी तक्रार ‘पेमेंट सुटत नाही’ ही असते. माल पोहोचलेला असतो, पुष्कळदा वापरूनही झालेला असतो. पण ज्याने पैसे द्यायचे तो मोठा आणि ज्याला ते यायचे तो लहान असल्यामुळे बिल महिनोन्महिने पडून राहते. या अडचणीचे मूळ दोन पक्षांच्या असमान बळात असल्यामुळे ती एकेकट्या उद्योजकाच्या व्यवहारचातुर्याने सुटत नाही. म्हणून तिच्यावर कायदा करावा लागला, आणि तो व्हावा, सुधारावा व पाळला जावा यासाठी लघुउद्योजकांच्या संघटनांना तीन दशकांहून अधिक काळ सरकारदरबारी पाठपुरावा करावा लागत आहे. या प्रकारच्या पाठपुराव्याला मराठीत ‘जनवकिली’ असे म्हटले जाते. एखाद्या समाजघटकाची अडचण मोजून मांडणे, तिच्यावरचा उपाय धोरणाच्या किंवा कायद्याच्या भाषेत सुचवणे आणि तो मान्य होऊन अमलात येईपर्यंत त्याच्या मागे लागून राहणे, एवढे सगळे या शब्दात येते. एका कंपनीला एक परवाना मिळवून देणारी मध्यस्थी यात येत नाही, कारण जनवकिलीतून मिळालेला लाभ मागणी न करणाऱ्यालाही मिळतो.

थकलेल्या बिलाचा प्रश्न समजण्यासाठी त्या बिलाचा प्रवास जवळून पाहणे आवश्यक आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि सहा-सात कामगार असलेल्या एखाद्या शेडमधून सुटे भाग मोठ्या कारखान्याकडे रवाना होतात, तेव्हा सोबतच्या चलनावर तिथल्या गेटवर शिक्का बसतो. माल स्टोअरमध्ये गेल्यावर तो मिळाल्याची नोंद, म्हणजे कारखानदारांच्या बोलीतील ‘जीआरएन’, तयार होते. नंतर तपासणी होते, काही नग ‘रिजेक्ट’ ठरले तर डेबिट नोट निघते, आणि मग कागद लेखा विभागाकडे जातात. बिल ‘बुक’ झाल्याच्या महिन्याच्या अखेरीपासून साठ किंवा नव्वद दिवस मोजायचे आणि त्यानंतर येणाऱ्या ठरावीक तारखेलाच पैसे सोडायचे, अशी पद्धत अनेक ठिकाणी असल्यामुळे कागदावरचे नव्वद दिवस प्रत्यक्षात चार महिन्यांवर जातात. यातील एकही पायरी पुरवठादाराच्या हातात नसते, आणि कोणत्याही पायरीवर कागद अडला तर त्याचा कालावधी पुरवठादाराच्याच खात्यावर पडतो.

याच काळात त्याची स्वतःची देणी थांबत नाहीत. पोलादाचा व्यापारी छोट्या गिऱ्हाइकाला उधारीवर माल द्यायला नाखूश असतो, पगार महिन्याच्या पहिल्या आठवड्यात द्यावा लागतो, भविष्य निर्वाह निधीची वर्गणी पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरावी लागते आणि मासिक विवरणपत्र भरणाऱ्याला वस्तू व सेवा कर २० तारखेपर्यंत द्यावा लागतो. हा कर मिळालेल्या पैशांवर नसून दिलेल्या बिलावर असतो, म्हणजे जो कर खरेदीदाराने अजून त्याच्या हातात ठेवलेलाच नाही तो लघुउद्योजक बँकेच्या कॅश क्रेडिटमधून काढून सरकारला देतो. खरेदीदाराला मात्र त्याच बिलावरील कराची वजावट पैसे देण्यापूर्वीच घेता येते. पैसे १८० दिवसांत दिले नाहीत तर ती वजावट परत करावी लागते, हे खरे, पण १८० दिवस म्हणजे अर्धे वर्ष. सारांश असा, की लहान कारखाना स्वतः बँकेला व्याज भरून मोठ्या कारखान्याला बिनव्याजी भांडवल पुरवत असतो. ग्लोबल अलायन्स फॉर मास आंत्रप्रनरशिप या संस्थेने डन अँड ब्रॅडस्ट्रीटच्या साहाय्याने केलेला आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज देशभरातील अशा अडकलेल्या रकमा सुमारे १०.७ लाख कोटी रुपये सांगतो.

या प्रश्नावर कायदा करण्याचे आश्वासन केंद्र सरकारने ऑगस्ट १९९१ मध्ये लघु, अतिलघु व ग्रामीण उद्योगांसाठी जाहीर केलेल्या धोरणात दिले होते. सप्टेंबर १९९२ मध्ये वटहुकूम निघाला आणि १९९३ मध्ये त्याचे कायद्यात रूपांतर होऊन लघुउद्योगाला उशिरा मिळालेल्या पैशांवर व्याजाचा हक्क मिळाला. ब्रिटनमध्ये असाच कायदा १९९८ मध्ये झाला आणि युरोपीय संघाचा निर्देश २००० साली आला, हे ध्यानात घेता या बाबतीत भारत पाच-सात वर्षे पुढे होता. तरीही १९९३ च्या कायद्यात मोठी उणीव होती: हक्क दिला, पण वसुलीसाठी दिवाणी न्यायालयाचा दरवाजा दाखवला. पाच लाखांच्या बिलासाठी वर्षानुवर्षे दावा चालवणे ज्याला परवडते, त्याला तो कायदा मुळात लागतच नाही. संघटनांच्या मागणीचा रोख त्यामुळे व्याजाच्या दरावरून यंत्रणेकडे वळला. १९९८ च्या दुरुस्तीने राज्यांमध्ये उद्योग सुलभीकरण परिषदांची तरतूद केली आणि २ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाने हीच चौकट अधिक कडक करून पुढे नेली.

आजचा व्यवहार ज्या तरतुदींवर चालतो त्या याच अधिनियमाच्या पाचव्या प्रकरणात आहेत. लेखी करार नसेल तर माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, आणि करार असला तरी कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत; करारात नव्वद दिवस लिहून घेतले असले तरी त्या कलमाला किंमत नाही. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल स्वीकारला असे मानले जाते. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. बँक रेट म्हणजे रिझर्व्ह बँक वेळोवेळी जाहीर करते तो एक आधारभूत दर. फेब्रुवारी २०२३ पासून पुढील दोन वर्षे तो ६.७५ टक्के होता, म्हणजे कायद्यानुसार देय व्याज वर्षाला २०.२५ टक्के होत होते. पाच लाखांचे बिल मुदतीनंतर सहा महिने थकले, तर या दराने सुमारे ५२ हजार ८०० रुपये व्याज होते. खरेदीदाराला हे व्याज आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, आणि ज्याच्या हिशेबांची लेखापरीक्षा बंधनकारक आहे त्याला अशा थकबाकीचा उल्लेख वार्षिक हिशेबपत्रकात करावा लागतो.

वाद सुलभीकरण परिषदेकडे नेता येतो. ती आधी समझोत्याचा प्रयत्न करते, तो फसला तर लवादाचे काम करते किंवा दुसऱ्या संस्थेकडे सोपवते, आणि कायद्याने तिला निकालासाठी ९० दिवसांची मुदत दिली आहे. परिषदेचा निवाडा रद्द करून घेण्यासाठी न्यायालयात जाणाऱ्या खरेदीदाराला निवाड्यातील रकमेच्या ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. लहान पुरवठादाराला दमवून तडजोडीला आणण्याची जी जुनी पद्धत होती तिच्या मुळाशीच ही अट हात घालते, आणि संपूर्ण अधिनियमात याहून परिणामकारक तरतूद नाही. तीन ते पाच सदस्यांच्या या परिषदेत लघुउद्योजकांच्या संघटनांचा प्रतिनिधी असावा असे कायदाच सांगतो. निवेदन घेऊन मंत्रालयाच्या दारात उभे राहणाऱ्या संघटनेला या तरतुदीने निर्णय करणाऱ्यांच्या बाकावर जागा दिली, ही जनवकिलीच्या इतिहासातील लहान गोष्ट नव्हे. त्या जागेवर बसण्यासाठी अभ्यासू, वेळ देऊ शकणारी माणसे संघटनांनी घडवली काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक जिल्ह्यातील संघटनेने स्वतःला विचारायचा आहे.

इतकी कडक तरतूद असूनही थकबाकी का राहते, याचे उत्तर कायद्याच्या एका साध्या गृहीतकात आहे. परिषदेकडे वाद नेण्याचा अधिकार त्या वादातील पक्षाला, म्हणजे व्यवहारात पुरवठादाराला आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘समाधान’ हे पोर्टल सुरू केल्यापासून अर्ज ऑनलाइन करता येतो. तरीही अर्जावर पुरवठादाराचे नाव असते आणि ते नाव वाचणारा खरेदीदार हाच त्याचा सर्वांत मोठा, अनेकदा एकमेव, ग्राहक असतो. तक्रार केली तर व्याज मिळेल, पण पुढची ऑर्डर जाईल आणि कदाचित वेंडरच्या यादीतून नावही जाईल, हे ज्याला ठाऊक आहे तो गप्प राहतो. त्यामुळे परिषदांकडे येणारी प्रकरणे बहुधा व्यवहार तुटल्यानंतरची असतात. ज्यांचा व्यवहार चालू आहे आणि ज्यांना पैशांची निकड अधिक आहे, त्यांच्यापर्यंत कायदा पोहोचतच नाही. याखेरीज सूक्ष्म वा लघुउद्योग म्हणून सरकारकडे नोंदणी असण्याची अट आहे: २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माल पुरवल्यानंतर केलेल्या नोंदणीचा लाभ आधीच्या पुरवठ्याला मिळणार नाही, असा निर्णय दिला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशात ६ कोटी ३३ लाखांहून अधिक असंघटित बिगरशेती उद्योग होते, आणि त्यांतील ९९ टक्क्यांहून अधिक सूक्ष्म होते. अशा देशात नोंदणीची ही अट बहुसंख्यांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवणारी ठरू शकते. गाळ्याच्या भाड्याच्या करारापेक्षाही आधी ‘उद्यम’ ही सरकारी नोंदणी करून घ्यावी, असे संघटना नव्या उद्योजकांना सांगतात ते यासाठीच.

तक्रारीवाचून पैसे सुटावेत म्हणून अलीकडे केलेल्या उपायांपैकी सर्वांत चर्चेचा ठरला तो आयकर कायद्यातील कलम ४३ब मध्ये २०२३ च्या वित्त अधिनियमाने घातलेला ‘एच’ हा खंड. कलम ४३ब ही एक यादी आहे. कर, भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा, बँकेचे व्याज अशी काही देणी नुसती हिशेबात दाखवून चालत नाहीत, प्रत्यक्ष दिली तरच खर्च म्हणून मान्य होतात. सूक्ष्म व लघुउद्योगांचे १५ किंवा ४५ दिवसांपलीकडे थकलेले देणे या यादीत आले. यादीतील इतर देण्यांना विवरणपत्र भरण्याच्या मुदतीपर्यंत जी सवलत मिळते ती येथे ठेवली नाही. ३१ मार्च २०२४ रोजी एखाद्या कंपनीकडे लघुउद्योगाचे दहा लाख रुपये मुदतीपलीकडे थकलेले असतील, तर ते त्या वर्षाच्या करपात्र उत्पन्नात धरले जाऊन ३० टक्के दराने तीन लाखांचा कर आधी भरावा लागतो. वजावट पैसे दिल्याच्या वर्षीच मिळते. या उपायाचे मर्म असे, की पुरवठादाराला तोंड उघडावे लागत नाही, ग्राहकाचा स्वतःचा लेखापरीक्षकच त्याला बिल चुकते करायला सांगतो.

परंतु २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत जे घडले त्यातून लघुउद्योजक हा एकसंध वर्ग नाही, ही वस्तुस्थिती उघड झाली. कापडाच्या व्यापारात साठ-नव्वद दिवसांची उधारी पिढ्यान्पिढ्या रूढ आहे. यंत्रमागवाला सूत उधारीवर घेतो, व्यापारी कापड उधारीवर घेतो आणि किरकोळ दुकानदार त्याच्याकडून उधारीवर नेतो. या साखळीत प्रत्येक जण दुसऱ्याचा देणेकरी असतो आणि जवळपास प्रत्येक जण लहान असतो. स्वतःचे पैसे नव्वद दिवसांनी मिळणाऱ्या व्यापाऱ्याने पंचेचाळिसाव्या दिवशी कुठून द्यायचे, हा त्याचा प्रश्न खोटा नव्हता. शिवाय, केंद्र सरकारच्या जुलै २०२१ च्या आदेशानुसार घाऊक व किरकोळ व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीचा लाभ केवळ अग्रक्रमाच्या कर्जापुरता मिळतो, ४५ दिवसांचे संरक्षण मिळत नाही. म्हणजे व्यापाऱ्याच्या वाट्याला बंधन आले, संरक्षण आले नाही. व्यापारी संघटनांनी अंमलबजावणी पुढे ढकलण्याची मागणी केली, तर उत्पादक लघुउद्योजकांच्या अनेक संघटनांनी तरतुदीचे स्वागत केले. मार्चअखेर जवळ येताच काही ठिकाणी माल परत पाठवला गेला आणि पुरवठादारांना नोंदणी रद्द करण्याचा आग्रह झाला. तरतूद मागे घेतली गेली नाही, आणि ती योग्यच होती, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. मात्र साखळीच्या तळाशी असलेल्या व्यापाऱ्याचा विचार ती लिहिण्यापूर्वीच व्हायला हवा होता.

लहानाचे रक्षण करणारा नियम दुसऱ्याच एखाद्या लहानाच्या मुळावर येतो, याचे आणखी एक उदाहरण दिवाळखोरी कायद्यातील आहे. थकीत रक्कम एक लाख असली तरी पुरवठादाराला खरेदीदार कंपनीविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया मागता येत होती, आणि नुसत्या नोटिशीने अनेकांची बिले सुटत होती. २४ मार्च २०२० रोजी, करोनाच्या संकटात लहान कंपन्या दिवाळखोरीत ओढल्या जाऊ नयेत म्हणून, ही मर्यादा एक कोटी करण्यात आली. हेतू चांगला होता. परंतु वीस-पंचवीस लाखांचे बिल थकलेल्या पुरवठादाराच्या हातातील ते साधन त्याच दिवशी गेले.

महाराष्ट्रात संघटित व्यापार-उद्योगाची परंपरा जुनी आहे. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९२७ मध्ये महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स आणि आ. रा. भट यांच्या प्रयत्नांनी १९३४ मध्ये पुण्यात मराठा चेंबर उभे राहिले. रस्त्यावरच्या आंदोलनाचे यशही या राज्याने पाहिले आहे: जकातीऐवजी आलेल्या स्थानिक संस्था कराविरुद्ध, म्हणजे ‘एलबीटी’विरुद्ध, २०१३ मध्ये व्यापाऱ्यांनी शहरोशहरी दुकाने बंद ठेवली आणि १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक पन्नास कोटींपेक्षा कमी उलाढाल असलेल्यांचा तो कर रद्द झाला. एखादी गोष्ट काढून टाका, अशी मागणी असते तेव्हा बंद परिणामकारक ठरतो, कारण सर्वांचे म्हणणे एका शब्दात मावते. थकलेल्या बिलांबाबत मात्र नवी तरतूद लिहून हवी असते, आणि ज्याच्याविरुद्ध ती हवी तो समोर उभा असलेला सरकारी अधिकारी नसून आपलाच ग्राहक असतो. कारखाना बंद ठेवला तर नुकसान बंद ठेवणाऱ्याचेच होते. येथे लागते ती चिकाटीची कागदी लढाई: मसुद्यावर हरकती व सूचना मागवल्या की मुदतीत कलमनिहाय उत्तर देणे, संसदेच्या स्थायी समितीपुढे साक्ष देणे, आणि मुख्य म्हणजे आकडे जमवणे. ‘उद्योजक अडचणीत आहेत’ या वाक्याने कोणताही सचिव हलत नाही. एका औद्योगिक वसाहतीतील दोनशे कारखान्यांनी मागील वर्षात किती बिले दिली, त्यांतील किती पंचेचाळीस दिवसांत सुटली, किती शंभर दिवसांपलीकडे गेली आणि त्यांत खासगी कंपन्या किती व सरकारी खाती किती, हे तक्त्यात मांडून दिले तर त्याला दखल घ्यावीच लागते. आपल्याकडील बहुतेक संघटना हे काम करत नाहीत. त्यांची निवेदने दरवर्षी त्याच मागण्यांची, त्याच शब्दांत येतात.

अशा निवेदनात एक मागणी सर्वांत वर असली पाहिजे. ब्रिटनमध्ये २००२ च्या नियमांनी लघु व मध्यम उद्योगांच्या प्रातिनिधिक संस्थांना, एखाद्या मोठ्या खरेदीदाराच्या छापील करारातील पैसे देण्याविषयीच्या अटी उघडपणे अन्याय्य असतील तर, स्वतःच्या नावाने न्यायालयात जाऊन त्या अटींचा वापर थांबवण्याची मागणी करण्याचा अधिकार दिला. पुरवठादाराचे नाव उघड होऊन त्याची ऑर्डर जाण्याचे भय त्यामुळे कमी होते. भारताच्या २००६ च्या अधिनियमातील कलम १८ मध्ये असा अधिकार नाही. ज्या कायद्याने संघटनेला परिषदेत निर्णयासाठी बसवले आहे, त्याने तिला सदस्यांच्या वतीने तक्रारदार म्हणून उभे राहू देऊ नये याला कारण दिसत नाही. एका पोटकलमाने ही दुरुस्ती होऊ शकते. प्रत्येक जिल्ह्यातील संघटनेने केंद्रीय सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाकडे ती लेखी मागावी, आणि प्रत्येक उद्योजकाने आज आपल्या थकलेल्या बिलांची यादी, चलनाच्या आणि स्वीकृतीच्या तारखांसह, नाव गुप्त राखण्याच्या अटीवर आपल्या संघटनेकडे द्यावी.